घरगुती उपाय सांगताना त्यामागचं कारणही सांगता का?

खटपट्या

घरातल्या बारीकसारीक कामांचे उपाय आपण एकमेकांना भरभरून सांगतो. डाग असा घालवा, बॅटरी अशी चार्ज करा, अडकलेला स्क्रू असा सोडवा. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. तरी एकाकडे हमखास चाललेला उपाय दुसऱ्याकडे फसतो आणि मग 'हे सगळं थोतांड आहे' म्हणत लोक चांगले उपायही सोडून देतात. माझ्या मते कृती कारणापासून तुटली की हे असं होतं.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून सफाई करा, हा सल्ला घ्या. फसफस बघून काहीतरी जोरदार चाललंय असं वाटतं. व्हिनेगर आम्लधर्मी, सोडा अल्कधर्मी. दोघं एकमेकांचा जोर संपवतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि हातात उरतं ते सोडियम अॅसिटेट विरघळलेलं पाणी. तेच दोन्ही पदार्थ सुटे वापरले तर कामाचे आहेत. नळाच्या तोटीवर बसलेला पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, तो व्हिनेगरमध्ये विरघळतो. सोड्याची बारीक भुकटी पृष्ठभागावर ओरखडे न पाडता मळ खरवडते. पण हेच व्हिनेगर संगमरवरी फरशीवर सांडलं तर फरशीची झिलई जाते, कारण संगमरवर हाही कॅल्शियम कार्बोनेटच. ज्याला कारण माहीत आहे त्याला ही सूचना वेगळी द्यावी लागत नाही. ज्याला नुसती कृती पाठ आहे तो फरशी घालवून बसतो.

तर तुम्हाला पक्का ठाऊक असलेला एखादा उपाय सांगा. तो का चालतो, कशावर चालतो आणि कुठे चालत नाही, हेही लिहा. आणि कारण सांगायची काही गरज नाही असं कुणाचं मत असेल तर तेही वाचायला आवडेल.

मोरपंखी

वाचतेय. शिवणाचं काही येतंय का याची वाट बघणार.

रसायनी

विषय फार जिव्हाळ्याचा. पहिल्यांदा धोक्याचं लिहितो, म्हणजे पुढे कुणी घाईत प्रयोग करणार नाही.

कपड्यांचं किंवा फरशीचं ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी. संडास साफ करायच्या बऱ्याच द्रावणांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. दोन्ही चांगली सफाई करतात, मग एकत्र केली तर दुप्पट करतील असं वाटून लोक एकावर एक ओततात. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. दार बंद असलेल्या छोट्या न्हाणीघरात तो फुप्फुसांना गंभीर इजा करू शकतो. व्हिनेगरही आम्लच, त्यामुळे ब्लीचबरोबर तेही नको. काचा पुसायच्या काही द्रावणांत अमोनिया असतो, त्याच्याशी ब्लीचची गाठ पडली की क्लोरामाइनचे विषारी वायू तयार होतात. म्हणून ब्लीच नेहमी एकटं वापरा, फक्त पाण्यात मिसळून, आणि खिडकी उघडी ठेवून. चुकून मिसळलंच तर खाली वाकून धुवत बसू नका. आधी बाहेर मोकळ्या हवेत या.

खटपट्या म्हणतात त्यातली 'कुठे चालत नाही' ही बाजू इथे सगळ्यात महत्त्वाची. बाटलीवरचा इशारा 'इतर द्रावणांत मिसळू नये' एवढंच सांगतो. का मिसळू नये हे कळलं की तो इशारा लक्षात राहतो.

जुनं_खोड

मी असहमत. व्हिनेगर-सोड्याने आमच्या मोरीचा तुंबलेला पाइप मोकळा झालाय, डोळ्यांदेखत. पुस्तकात काहीही असो, पाणी निघून गेलं हे खरं आहे. अनुभव खोटा कसा म्हणायचा?

खटपट्या

जुनं_खोड, अनुभव खोटा आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. पाणी गेलं ते गेलंच. मला एवढंच विचारायचंय की फसफस झाल्यावर पुढे काय केलंत?

जुनं_खोड

मोठं भांडंभर कढत पाणी ओतलं. ते तर त्या कृतीतच असतं.

खटपट्या

मग माझा संशय त्या कढत पाण्यावर आहे. पाइपमध्ये बहुतेक वेळा साबणाचा आणि तेलाचा चिकट थर असतो. उष्णतेने तो सैल होतो आणि वरून पडणाऱ्या पाण्याच्या वजनाने पुढे सरकतो. फसफशीतला वायू उघड्या तोंडाकडे वर येतो, खाली अडकलेल्या बोळ्यावर त्याचा दाब फारसा पडत नाही. पुढच्या वेळी नुसतं गरम पाणी वापरून बघा आणि इथे लिहा. तेवढ्याने काम झालं तर दोन जिन्नस वाचले.

पाना-पक्कड

गरम पाणी जरूर, पण उकळतं नको. पाइप पीव्हीसीचा असेल तर साधारण ८० अंश सेल्सियसच्या आसपास तो मऊ पडायला लागतो आणि सांधे ढिले होऊ शकतात. हाताला चांगलं कडक लागेल इतपत गरम पुरे.

आणि मंडळी, ज्याच्यावर पाइपचं खरं काम भागतं तो रबरी पंप कुणीच कसा आठवला नाही? पंप मारूनही बेसिन मोकळं होत नाही अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बरेच जण एक गोष्ट विसरतात. बेसिनच्या वरच्या कडेजवळ जादा पाणी जाण्यासाठी एक भोक असतं. ते ओल्या फडक्याने घट्ट बुजवा. ते उघडं राहिलं तर तुम्ही लावलेला सगळा जोर तिथून हवेत जातो. शिवाय पंपाची वाटी बुडेल इतकं पाणी बेसिनमध्ये हवं, कारण हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पाण्यातून धक्का थेट बोळ्यापर्यंत पोचतो. आणि खाली ढकलण्याइतकाच वर ओढण्याचा झटका कामाचा असतो.

त्यानेही झालं नाही तर बेसिनखालच्या वाकड्या नळीखाली बादली ठेवा आणि ती नळी हाताने फिरवून सोडवा. त्या बाकात पाणी साठून राहतं ते गटाराचा वास वर येऊ नये म्हणून. कचराही तिथेच बसतो.

टिचकी

त्या भोकाचं कारण आज कळलं! इतकी वर्षं मला वाटायचं ते शोभेला आहे.

सुईदोरा

मोरपंखी, तुमच्यासाठी.

शिलाई मशीनवर कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला की नव्याने शिकणारी प्रत्येक जण बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, काढून बघते. गुंता खाली दिसतो म्हणून दोष खाली असणार, हा अंदाज अगदी साहजिक आहे. पण गुंता खाली आणि दोष वर, असं बहुतेक वेळा असतं. वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या दोन चकत्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये नीट बसला नाही तर त्याला कुणी अडवत नाही. सुई खाली गेल्यावर हवा त्यापेक्षा जास्त दोरा खाली ओढला जातो आणि तिथे साचतो.

आता दोरा चकत्यांमध्ये का बसत नाही? बहुतेक मशीनांमध्ये फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा धातूचा पाय, खाली टेकवला की त्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि फूट वर उचलला की उघडतात. फूट खाली असताना दोरा ओवला तर तो मिटलेल्या चकत्यांच्या वरूनच जातो. म्हणून ओवताना फूट वर, शिवताना खाली. खात्री करायची असेल तर ओवून झाल्यावर फूट खाली घेऊन दोरा हलकेच ओढा. अडखळत आला तर बसलाय, सुळकन आला तर परत ओवा.

टेन्शनची, म्हणजे ताण कमीजास्त करायची, चकती फिरवायच्या आधी हे करा. नाहीतर चांगलं लावलेलं टेन्शन बिघडतं आणि मूळ दोष जागेवरच राहतो.

मोरपंखी

सुईदोरा ताई, हे एवढं स्पष्ट मला क्लासमध्येही कुणी सांगितलं नव्हतं. अजून एक विचारते. मध्येच टाके सुटतात, म्हणजे शिवण चालू असते पण दोन-तीन टाके पडतच नाहीत. हेही टेन्शनच का?

सुईदोरा

नाही, तिथे आधी सुई बदला. टोक बोथट झालेली किंवा किंचित वाकलेली सुई असेल तर खालच्या हुकाला वरच्या दोऱ्याचा फास वेळेवर सापडत नाही आणि टाका सुटतो. सुई पूर्ण वर ढकलून स्क्रू आवळलाय ना आणि तिची चपटी बाजू मशीनच्या पुस्तिकेत दाखवलीय त्याच दिशेला आहे ना, हे बघा. सुईच्या पाकिटावरचा नंबर आणि कापड कोणतं ते लिहा, मग पुढचं सांगते.

इतिहासवेडा

धागा छान चाललाय, पण मूळ मुद्द्यावर मला थोडी हरकत घ्यायची आहे. कारण माहीत असल्याशिवाय उपाय सांगू नये असा कुणी अर्थ घेतला तर मोठं नुकसान होईल.

१८४७ साली व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. शवविच्छेदन करून ते थेट बाळंतिणींना तपासायला येत. हात धुणं सुरू झाल्यावर बाळंतरोगाने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. तेव्हा रोगजंतूंचा सिद्धांत मान्य झालेला नव्हता. सेमेलवाइसचं स्पष्टीकरण होतं की प्रेताचे कण हाताला चिकटून येतात. अपुरं कारण, पण उपाय शंभर टक्के खरा. त्याच्या बऱ्याच समकालीनांनी तो मानला नाही. 'आधी कारण सिद्ध करा' म्हणत बसणाऱ्यांमुळे किती बायका गेल्या असतील याचा विचार करा.

माझं म्हणणं असं की निरीक्षण नीट असेल तर कारण नंतर आलं तरी चालतं.

जुनं_खोड

इतिहासवेडा, अनुमोदन. हेच मला म्हणायचं होतं, फक्त माझ्याकडे व्हिएन्ना नव्हतं, मोरी होती.

रसायनी

इतिहासवेडा, तुमचं उदाहरण बिनतोड आहे. पण इतिहासातच याची दुसरी बाजूही आहे.

लांबच्या सागरी प्रवासात खलाशांना स्कर्व्ही व्हायचा. हिरड्या सुजायच्या, जुन्या जखमा उघडायच्या, माणसं मरायची. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने १२ आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबं मिळालेली जोडी सगळ्यांत लवकर सुधारली. १७९५ पासून ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस नियमाने दिला जाऊ लागला आणि स्कर्व्ही हटला. उपाय सापडला, कारण कुणाला माहीत नव्हतं. इथपर्यंत गोष्ट तुमच्या बाजूची.

पुढे १८६०च्या दशकात नौदलाने मोठ्या पिवळ्या लिंबाऐवजी वेस्ट इंडिजमधलं छोटं हिरवं लिंबू घेतलं. दोन्ही आंबट, म्हणजे सारखीच, असं गृहीत धरलं गेलं. गुण आंबटपणाचा आहे अशीच समजूत होती ना! खरं तर स्कर्व्ही होतो तो क जीवनसत्त्व कमी पडल्याने. त्या हिरव्या लिंबात ते बरंच कमी, आणि रस तांब्याच्या संपर्कात आणि हवेत राहिला की उरलेलंही नष्ट होतं. वाफेच्या जहाजांमुळे प्रवास छोटे झाले होते, म्हणून बरीच वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. १८७५ मध्ये उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या ब्रिटिश मोहिमेत लिंबाचा रस घेणाऱ्या माणसांना स्कर्व्ही झाला. मग लोकांचा लिंबावरचाच विश्वास उडाला. क जीवनसत्त्वाची ओळख पक्की व्हायला १९३२ उजाडलं.

शंभर वर्षांहून जुना, सिद्ध झालेला उपाय हातात होता. कारण माहीत नसल्यामुळे त्यातली कोणती गोष्ट बदलली तर चालेल आणि कोणती नाही, हे कुणाला सांगता येत नव्हतं. माझ्या लेखी कारणाचा खरा उपयोग हाच.

इतिहासवेडा

मान गये. हिरव्या लिंबाची गोष्ट मला माहीत नव्हती. तरी एक दुरुस्ती सुचवतो. लिंडच्या काळात 'मोठं पिवळं लिंबू, ताजं, न उकळता' एवढं तंतोतंत नोंदवून पुढच्यांनी ते पाळलं असतं, तरी घोळ टळला असता. म्हणजे कारण ठाऊक नसेल तर निदान आपण नेमकं काय वापरलं ते बारकाईने लिहावं. खटपट्यांच्या यादीत हे घाला.

खटपट्या

घातलं. हे मला पूर्ण पटलं आणि जुनं_खोड यांच्या बाजूनेही न्याय होतो. 'सोडा-व्हिनेगरने पाइप मोकळा झाला' यापेक्षा 'सोडा, व्हिनेगर, मग भांडंभर कढत पाणी' असं लिहिलं की वाचणारा स्वतः तपासू शकतो.

शुश्रूषा

लिंबावरून औषधांकडे आलोच आहोत तर नर्स म्हणून लिहिते. भाजल्यावर टूथपेस्ट, तूप, बर्फ लावायचे सल्ले अजून दिले जातात. कृपा करून थांबवा. भाजलेल्या जागी लगेच नळाचं थंड वाहतं पाणी २० मिनिटं सोडायचं. वरची ज्वाला गेली तरी कातडीच्या आत उष्णता राहते आणि खोलवर इजा करत जाते, ती वाहून न्यायची असते. पाच मिनिटांत बरं वाटलं म्हणून हात काढू नका. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच दुखावलेल्या कातडीला आणखी इजा होते. पेस्ट आणि तूप उष्णता आत धरून ठेवतात, शिवाय नंतर जखम साफ करताना ते खरवडावं लागतं. अंगठी, बांगडी, घड्याळ सूज यायच्या आधी काढा. फोड फोडू नका. चेहरा, हाताचे पंजे, सांधे किंवा मोठा भाग भाजला असेल, लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल, रसायनाने किंवा विजेने भाजलं असेल तर डॉक्टरकडे न्यायलाच हवं.

उंबरठा

शुश्रूषा ताई, माहिती उत्तमच. पण माझा सर्वसाधारण प्रश्न आहे. आजारपणाबद्दल अनोळखी माणसांनी एकमेकांना सल्ले द्यावेत का? फरशी खराब झाली तर फरशीच जाते. इथे जीव आहे.

शुश्रूषा

प्रथमोपचार सांगावेत, कारण पहिली काही मिनिटं डॉक्टर शेजारी नसतो. निदान आणि औषधाची मात्रा सांगू नये. 'मला हे लागू पडलं' म्हणून गोळीचं नाव सांगणारा आपलं वय, वजन, मूत्रपिंडाचं काम, चालू असलेली बाकीची औषधं सांगत नाही, आणि विचारणाऱ्याचंही त्याला माहीत नसतं. तिथे 'कशावर चालत नाही' याची यादी माणसागणिक बदलते. मी स्वतः ही रेघ काटेकोर पाळते.

उंबरठा

पटलं.

स्वच्छंदी

डागांबद्दल थोडं. रक्ताचा डाग थंड पाण्यातच भिजवायचा, कारण रक्तातली प्रथिनं उष्णतेने गोठून धाग्यात घट्ट बसतात. गंजाचा डाग मात्र ब्लीचने कधीही काढू नका. ब्लीच ऑक्सिडीकरण करतं आणि गंज म्हणजे ऑक्सिडीकरण झालेलं लोखंडच, त्यामुळे डाग पक्का होतो. तिथे लिंबाचा रस किंवा सायट्रिक आम्ल हवं, ते लोखंडाला विरघळवून धाग्यातून सोडवतं. आणि लोकर किंवा रेशीम असेल तर कुठल्याही डागावर क्लोरीनचं ब्लीच नको. ते धागे प्रथिनांचेच असतात, डागाबरोबर कापडही जातं.

टिचकी

मोबाइलची बॅटरी पूर्ण संपवून मगच चार्ज करावी असं बाबा सांगतात. खरं का?

चक्रधर

बाबांचं त्यांच्या काळी बरोबर होतं. पूर्वीच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या अर्धवट वापरून परत परत चार्ज केल्या तर त्यांचा 'स्मरण-परिणाम' होतो, म्हणजे पुढे त्या तेवढ्याच अर्धवट चालतात, असं म्हणत, म्हणून त्या अधूनमधून पूर्ण उतरवायच्या. आता फोनमध्ये लिथियम-आयन असते, १९९१ पासून बाजारात आलेली. तिला पूर्ण रिकामं करणं उलट तापदायक. तिचे मुख्य शत्रू दोन, उष्णता आणि बराच काळ अगदी काठोकाठ भरलेलं राहणं. उशीखाली चार्जिंगला लावू नका, उन्हात गाडीत ठेवू नका. महिनोन् महिने न वापरता ठेवायची असेल तर निम्मी भरून ठेवा.

पाना-पक्कड

अहो, २० ते ८० टक्क्यांच्या मध्ये ठेवायला रात्री उठून प्लग काढणारी माणसं मी पाहिली आहेत! बॅटरी आपल्यासाठी आहे की आपण बॅटरीसाठी? ती झिजणारी वस्तू आहे, झिजली की बदलायची. उष्णतेचं तेवढं सांभाळा आणि निवांत झोपा.

चक्रधर

पाना-पक्कड, झोपेबाबत सहमत. बऱ्याच फोनांत आता ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती एकदा चालू करून ठेवली की झालं.

पण मी खरं तर सायकलबद्दल लिहायला आलो होतो. सायकलच्या डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. उजवं नेहमीसारखं घड्याळाच्या दिशेने आवळायचं, डावं उलट दिशेने. पेडल काढताना डावं नेहमीच्या दिशेने सोडवायला गेलात तर ते आणखी आवळलं जातं. लक्षात ठेवायला सोपं: पाना पेडलच्या वर उभा धरायचा, दोन्ही बाजूंना सायकलच्या पुढच्या चाकाकडे ढकलला की आवळतं, मागे ओढला की सुटतं.

आता कारण. बहुतेक जण सांगतात की बेअरिंगच्या घर्षणामुळे पेडल सुटू नये म्हणून असं केलंय. ऐकायला पटतं. पण दिशा नीट मांडून बघा. घर्षणाचा जोर तर आटे सुटतील त्याच दिशेला लागतो! म्हणजे ते कारण खरं असतं तर आटे नेमके याच्या उलट ठेवावे लागले असते. खरं कारण असं की पायाचा भार पेडलच्या दांड्याभोवती फिरत राहतो. दांडा आणि भोक यांत अगदी सूक्ष्म फट असते, त्या फटीत दांडा भोकाच्या कडेवरून गडगडत जातो आणि हळूहळू भाराच्या उलट दिशेने स्वतःभोवती फिरतो. घरी बघता येतं. एका मुठीत पेन्सिल सैल धरा आणि दुसऱ्या हाताने तिचं बाहेरचं टोक गोल फिरवा. पेन्सिल मुठीत उलट्या दिशेने फिरताना दिसेल. हा परिणाम घर्षणावर मात करतो.

खटपट्या, तुम्ही कारण सांगा म्हणता, ठीक. पण पटणारं चुकीचं कारण नुसत्या कृतीपेक्षा जास्त घट्ट बसतं, कारण ते ऐकल्यावर माणूस पुढे विचारायचं थांबतो. याचं काय करायचं?

खटपट्या

चक्रधर, हा प्रश्न धाग्यातला सगळ्यात अवघड आहे. मला सुचतं ते हे की कारणातून एक भाकीत काढावं आणि ते तपासावं. तुम्ही तेच केलंत. घर्षण हे कारण असेल तर आटे कुठल्या बाजूला हवेत, हे विचारताक्षणी ते स्पष्टीकरण कोसळलं. ज्या कारणातून 'मग अमुक केलं तर काय होईल' याचं उत्तर निघत नाही, ते कारण अजून अर्धंच आहे असं समजावं. पेन्सिल मी आत्ताच फिरवून पाहिली आणि घरातल्या सगळ्यांना दाखवून आलो.

अनुक्षर

शिडीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. भिंतीला टेकवलेली शिडी वर चार हात गेली असेल तर पायथा भिंतीपासून एक हात लांब हवा. जास्त लांब गेला तर पाय सरकतात, फार जवळ असेल तर चढणारा माणूस मागे पडतो. पायथ्याशी उभं राहून हात सरळ पुढे केले आणि शिडीचा दांडा आरामात पकडता आला, की कोन साधारण बरोबर आहे.

निसर्गसखा

सगळ्यांचं वाचून एक शंका. धार लावणं, मशीनचा आवाज ऐकून बिघाड ओळखणं, या गोष्टी लिहून सांगता येतात का? माझे आजोबा सुरीला अशी धार लावायचे की कागद अलगद कापला जायचा. मी विचारलं की म्हणायचे, 'हाताला कळतं.' त्यांनी काही लपवलं नव्हतं. त्यांना सांगताच येत नव्हतं. अशा जाणकारीचं कारण कुठून आणायचं?

पाना-पक्कड

निसर्गसखा, आजोबांच्या हाताला जे कळायचं त्यातलं निम्मं तरी शब्दांत आणता येतं, असा माझा विश्वास आहे. मी मुलांना शिकवतो ते लिहितो.

धार म्हणजे दोन उतरती पृष्ठं एका रेषेत मिळणं. स्वयंपाकघरातल्या सुरीला प्रत्येक बाजूने साधारण १५ ते २० अंशांचा कोन लागतो. कोन किती यापेक्षा तो दगडावर सगळा वेळ तोच राहणं महत्त्वाचं. नवशिक्याचा हात डुलतो. यावर युक्ती अशी की धारेच्या उतारावर मार्कर पेनने रंग लावा आणि दगडावर हलके दोन हात मारा. रंग वरच्या बाजूने गेला तर सुरी फार सपाट धरलीय, फक्त अगदी कडेचा गेला तर फार उभी धरलीय, सगळा सारखा गेला तर कोन जमला. हाताला कळत नाही तोवर डोळ्याला कळू द्यायचं.

मग दुसरा प्रश्न, एका बाजूला किती वेळ घासायचं? मोजायचं नाही. घासता घासता विरुद्ध बाजूला धातूची अगदी बारीक लव उभी राहते. बोटाचं टोक पात्याच्या मधून कडेकडे, बाहेरच्या दिशेने न्यायचं, धारेच्या लांबीवरून कधीच नाही. मुठीपासून टोकापर्यंत सगळीकडे ती खरखर लागली की या बाजूचं काम झालं, सुरी उलटी करा. ती लव उभी राहिली याचा अर्थ धातू शेवटच्या कडेपर्यंत घासला गेलाय. बहुतेक घरांत धार लागत नाही ती या जागी आधीच थांबल्यामुळे. शेवटी अगदी हलक्या हाताने दोन्ही बाजू आळीपाळीने घासून लव काढून टाका, नाहीतर ती दुमडते आणि सुरी लगेच बोथट वाटते.

दगड साधारण १००० नंबरचा घ्या. फारच बोथट असेल तर आधी ४०० च्या आसपासचा खरखरीत. उरलेलं निम्मं मात्र हातानेच शिकावं लागतं.

निसर्गसखा

लव! ते बोट बाहेरच्या दिशेने फिरवायचे, हे मी पाहिलंय. ते कशासाठी, हे आज कळलं. मनापासून आभार.

जुनं_खोड

खोलीतल्या बेसिनवर नुसतं गरम पाणी आणि रबरी पंप वापरला, भोक फडक्याने बुजवून. पाणी गेलं. सोडा डब्यातच राहिला. पण इतिहासवेडा यांच्या बाजूने मी अजूनही आहे, त्यांनी सांगितलं तसं नेमकं काय केलं ते लिहून ठेवलंय.

मोरपंखी

सुईदोरा ताई, उत्तर द्यायला उशीर झाला. सुईच्या पाकिटावर ९०/१४ लिहिलंय. कापड टीशर्टचं, ताणलं जाणारं. सुई नवी आहे, तरी टाके सुटतात. आणि ९० आणि १४ असे दोन आकडे कशाला?

सुईदोरा

मोरपंखी, आकड्यांचं सोपं आहे. ९० म्हणजे सुईच्या दांड्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, म्हणजे ०.९० मिमी. १४ हा त्याच जाडीचा दुसऱ्या, जुन्या पद्धतीतला क्रमांक. दोन्ही पद्धती चालू आहेत म्हणून दोन्ही छापतात. आकडा वाढला की सुई जाड.

तुमचा दोष जाडीत नाही, टोकात आहे. विणलेल्या, ताणल्या जाणाऱ्या कापडात फासांची साखळी असते. साध्या सुईचं तीक्ष्ण टोक त्या फासांना भोसकतं, कापड सुईबरोबर खाली-वर होतं आणि हुकाला दोरा नीट सापडत नाही. अशा कापडाला गोल टोकाची सुई लागते, ती धागे बाजूला सारून मधून जाते. पाकिटावर 'बॉलपॉइंट', 'जर्सी' किंवा 'स्ट्रेच' असं लिहिलेलं असतं. खूप ताणलं जाणारं कापड असेल तर स्ट्रेच घ्या, साध्या टीशर्टला जर्सी पुरते. टाका सरळ न घालता अरुंद झिगझॅग घाला, म्हणजे कापड ताणल्यावर शिवण तुटणार नाही. आणि शिवताना कापड हाताने ओढू नका, मशीनला आपल्या गतीने सरकवू द्या.

आधी त्याच कापडाच्या तुकड्यावर शिवून बघा आणि कसं झालं ते कळवा.